पाचवं गाणं

डिसेंबरचा शेवटचा रविवार. वखारभागात
मी शटर अर्धं खाली ओढतो,
म्हणजे गिऱ्हाइकाला कळावं की दुकान बंद आहे
आणि आपल्या माणसांना कळावं, उघडं.

बावीस वर्षं अँप्लिफायर दुरुस्त करतो.
भिंतीवर एकोणीसच्या पुराची रेघ आहे,
स्पीकर तिच्यावर हातभर.
रेघेखाली फक्त माणसं बसतात.

नियम थोडेच :
वर्षाचा एकच अल्बम आणायचा.
यंदा निघालेला हवा असं नाही, यंदा लागलेला हवा.
(लागणं म्हणजे काय, यावर दोन वर्षं भांडण चाललं.
मग भूपाल म्हणाला, ठेच लागते तसं. मिटलं.)
आणि विलंबित चालू असताना
भडंग खायचं नाही.

भूपाल मगदूम हळदीच्या सौद्यातून थेट येतो,
त्याच्या प्रत्येक कव्हरवर पिवळा अंगठा.
यंदा एका सारंगीवाल्याचा आणला,
सबंध अल्बमभर एकच राग, आणि अगदी शेवटी
रेकॉर्डिंग करणाऱ्याचा खोकला.
"खोकल्यासाठी ऐका," म्हणाला,
"एवढा वेळ त्यानं दाबून धरला, म्हणजे बघा."

इम्तियाज मुजावरनं इस्लामपूरच्या चार पोरांचा लावला.
ड्रम असे, की माझ्या सोल्डरच्या डब्या
फळीवरून चालायला लागल्या.
"नादखुळा!"
"खुळा दिसतोय," भूपाल म्हणाला, "नाद कुठाय?"

प्रचेती सगळ्यांत लहान, सगळ्यांत कडक.
तिचं रॅप कुपवाडच्या रात्रपाळीवरचं,
प्रेस मशीनचा ठोका हाच ताल,
आणि मधेच जेवणाची सुट्टी :
अर्धा मिनिट नुसते डबे उघडल्याचे आवाज.
इम्तियाजनं वहीत दहापैकी नऊ लिहिले.
तिनंच खोडून साडेसात केले.

मग एस्तेर.
एस्तेर भोरे, मिरजेच्या दवाखान्यात रात्रीची सिस्टर.
दर वर्षी तिचा कागद तयार असतो, यंदा नव्हता.
म्हणाली, वर्षभर मी काही ऐकलंच नाही.
फक्त मार्चमध्ये, अकरा नंबरच्या कॉटवर
जतचा एक पोरगा होता, बोअरच्या गाडीवरचा.
रात्री अडीचला मोबाइल उशीखाली ठेवून
एकच अल्बम लावायचा, हळू.
चार गाणी. पाचव्यापर्यंत त्याला झोप लागलेली असायची
आणि मी बंद करायचे.
सतरा रात्री.
मग डिस्चार्ज झाला.

कसला डिस्चार्ज, कोणी विचारलं नाही.
भूपालनं चष्मा पुसला, आणखी पिवळा केला.

"नाव शोधण्यात सहा महिने गेले," ती म्हणाली,
पर्समधून पेनड्राइव्ह काढला.
"कन्नड आहे. शब्द कळत नाहीत.
चारच्या पुढचं मी ऐकलेलं नाही."

एक बाई, एक पेटी,
आणि मागे लांब कुठेतरी चाललेला पंप,
काढायचा राहून गेलेला.
विलंबित नव्हतं, तरी भडंगाला कोणाचा हात गेला नाही.
चौथं संपलं. सुई शून्यावर आली.
पाचव्याआधीचे ते दोन-तीन सेकंद असतात ना,
तेवढ्यात एस्तेर उठली
आणि न बघता बटण दाबलं.

"पुढचं?" प्रचेतीनं विचारलं.
"पुढं तो झोपलेला असतो."

वहीत तिच्या नावापुढे रकाना रिकामा.
प्रचेतीनं पेन उघडलं, परत टोपण लावलं.
शेवटची बस चुकली म्हणून
भूपालनं स्कूटरवरून एस्तेरला मिरजेला सोडलं.
पेनड्राइव्ह माझ्याकडेच राहिला.

आता खरं सांगतो.
शटर पूर्ण ओढलं, आवाज कमी केला
आणि मी पाचवं ऐकलं.

साधंच आहे. जरा लांबलेलं.
एका ठिकाणी पेटी चुकली आहे,
बाई चुकीवरून तशीच पुढे गेली आहे.
एस्तेरला सांगू नका.

सहावं कसं आहे, माहीत नाही.
तोवर मला झोप लागली होती
आणि बंद करायला कोणी नव्हतं.
सकाळी अँप्लिफायर गरम होता.